माझ्या नावाची डबी

४ फेब्रुवारी, बुधवार
आज शिलाईखात्यात नर्सबाई आल्या. पन्नाशीपुढच्या प्रत्येकीला एकेक डबी, आत काडी. शौचाला काडी लावायची, डबीत बंद करायची, सोमवारी परत. आतड्याचा कॅन्सर लवकर कळतो म्हणे. सगळ्या आपापल्या मशीनकडे बघत बसल्या. मशीनी बंद होत्या!

काजबटण (काजं तीच करते, म्हणून हे नाव) म्हणाली, "हा पुरुषांचा रोग. बायकांचे दोनच — छातीचा नि पिशवीचा." मलाही तसंच वाटत होतं. नर्सबाई म्हणाल्या, "आतडं बायकांनाही असतं."

५ फेब्रुवारी
डबी नवऱ्याच्या दाढीच्या सामानामागे ठेवली. "हे काय?" — "माझं पोट." ते दाढीला लागले. सुखी माणूस.

७ फेब्रुवारी
पोट संपावर. एरवी तक्रार नाही, पण डबी दिसली की आखडतं.

८ फेब्रुवारी, रविवार
एरंडेल प्यायले. काही नाही! उद्या रिकामी डबी दिली तर खातंभर हसू. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि वरच्या मजल्यावर जाऊबाईंकडे गेले. त्यांची प्रकृती दणकट, पोट घड्याळासारखं. पण ज्या बाईने माझ्या पोळ्यांना आयुष्यभर नावं ठेवली तिच्याकडे हे मागायचं! वाटलं, फाडून खातील. त्यांनी डबी हातात फिरवली. "काडी कुठवर बुडवायची?" बस. टोमणासुद्धा नाही.

९ फेब्रुवारी
डबी दिली. नर्सबाई म्हणाल्या, "शाब्बास." घेतली शाब्बासकी.

१९ फेब्रुवारी
नर्सबाईंनी बाजूला बोलावलं. नमुन्यात रक्त सापडलंय. कॅन्सरच असेल असं नाही, पण दुर्बिणीने आतडं तपासायलाच हवं. "घाबरू नका." मी घाबरले नाही. मग डबीतला नमुना कुणाचा ते आठवलं.

गप्प बसले तर जाऊबाईंच्या जिवाशी खेळ. बोलले तर माझी अब्रू. उसवली तर उसवली! सांगून टाकलं. नर्सबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्यांना घेऊन या. आणि तुम्ही नवी डबी न्या."

२० फेब्रुवारी
सकाळी वर गेले. जाऊबाई चादरींच्या घड्या करत होत्या. सांगता सांगता मीच रडले. त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. "नीट धर. कधी जायचंय?" मला त्यांचा रागच आला. दगड आहे ही बाई.

२३ फेब्रुवारी
दवाखान्याच्या बाकावर जाऊबाईंनी माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणाल्या, "वर्ष झालं गं, रक्त जातंय. कुणाला सांगू? तू डबी घेऊन आलीस. म्हटलं बरं झालं, तुझ्या नावावर का होईना, कळेल तरी."