त्या दिवशी फोन कावून उचलला न्हाई

आई, तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहितो.

तुझी सून अन् नात सायली, दोघी बऱ्या हायत. तुझा गुडघा कसा हाय? दुखणं अंगावर काढू नकोस.

अण्णांच्या तेराव्याला तू विचारलंस, "त्या दिवशी फोन कावून उचलला न्हाईस?" मी म्हणालो, "कामात होतो." आई, मी खोटं बोललो.

त्या दिवशी सुट्टी होती. इथं मेक्सिकोत, जुन्या पडक्या देवळांजवळ, जमीन खचून विहिरीसारखा मोठा खड्डा झालाय. आत निळंशार पाणी हाय. सायलीला पोहायला शिकवायला आमी सकाळीच तिथं गेलतो. फोन बाहेर कपाटात ठेवावे लागतात. तिला पाण्यावर धरून मी सांगत होतो, "तुझ्या आजोबांनी मला घाटनांदूरला आपल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकवलं." तेवढ्यात तिनं एकटीनं चार हात मारले, अन् आमी तिघं लई हसलो.

वर येऊन बघतो तर तुझे अकरा फोन. उलटा लावला, तर तुझ्या आवाजाआधी घरातलं रडणंच ऐकू आलं.

काकू म्हणाली, अण्णा शेवटपर्यंत विचारत होते, "आदिनाथचा फोन लागला का?" ते विचारत होते तेव्हा मी हसत होतो, आई.

हे वाचून मला रागाव, पाहिजे तेवढं बोल. फक्त तेराव्याला "असू दे, बाळा" म्हणून पदरानं तोंड झाकून घेतलंस, तसं करू नकोस.

तुझा,
आदिनाथ