फिनेतची रेघ

१४ सप्टेंबर, शुक्रवार

माझी पाल्मीर आज पुन्हा घरातून निघाली होती. अंगात झोपायचा झगा, डोक्याला रुमाल, हातात दुधाची रिकामी किटली. मी घरामागे लीकच्या, त्या जाड कांदापातीच्या, वाफ्यात. मान वर करून बघतो तर बाई पार शेजारच्या मार्सोच्या बीटाच्या शेतापाशी! आणि तिच्यापुढे फिनेत आडवी. भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. ही डावीकडे सरकली की कुत्री डावीकडे. उजवीकडे की उजवीकडे. शेवटी कंटाळून वळली बाई. फिनेत तिच्या टाचेमागून थेट घरापर्यंत.

मी काही सांगितलं नव्हतं! मेंढरं विकून चार वर्षं झाली. तेव्हापासून बिचारी कोंबड्यांकडे बघत बसायची.

"अहो, ही मला आईकडे जाऊ देत नाही," पाल्मीर म्हणाली. आई कालव्यापलीकडच्या गावच्या दफनभूमीत आहे, युद्धाच्या आधीपासून.

म्हटलं, "खोडसाळच आहे ती. चल, कॉफी करतो तुला."

१६ सप्टेंबर, रविवार

माळ्यावरून मेंढपाळाची काठी काढली. टोकाच्या वीतभर फावड्याला गंज चढलाय, पण मूठ हातात बसली ती जुन्या ओळखीसारखी. याच फावड्यानं ढेकूळ उडवून मी चुकार मेंढीच्या ढुंगणावर नेमकं मारायचो.

सबंध आयुष्य रेघेवर गेलं. इकडे आपलं कुरण, तिकडे दुसऱ्याचा गहू, मध्ये कुंपण नाही की काटा नाही — नांगराची एक रेघ फक्त. कुत्र्यानं दिवसभर तिच्यावर येरझारा घालायच्या आणि पलीकडचं एक पान कुणाच्या तोंडी लागू द्यायचं नाही. फिनेतची आई हेच करायची, आजीही हेच.

आज घराभोवती रेघ ओढली. रस्त्याच्या कडेनं, वाफ्यामागून, फिरून फाटकापर्यंत. म्हटलं, "रेघ धर!"

कान ताठ झाले! त्या झुपकेदार भुवयांखालून तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं — इतका उशीर का रे केलास, म्हाताऱ्या?

२० सप्टेंबर

पाऊस. रेघ वाहून गेली. पुन्हा ओढली.

२३ सप्टेंबर, रविवार

ओदील आली होती आमियाँहून. लेकीनं लीकचा खारा केक करून आणला. पाल्मीरनं दोनदा वाढून घेतला आणि तिलाच विचारलं, "तू कुणाची गं? हाताला चव आहे हो तुझ्या."

ओदील न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. बाहेर आली ती चिडूनच.

"बाबा, आईला रेघेत कोंडता? ती काय मेंढी आहे?"

चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमाचं बोलणं तिनं काढलं. बाग आहे, डॉक्टर आहे, सगळं आहे. कुत्रा चालत नाही. मी म्हटलं, हिला इथलं खिडकीतलं झाड ओळखीचं आहे, तिथलं कुठून होणार? जोवर फिनेत उभी आहे तोवर आई घरात राहील.

थोड्या वेळानं मी पुन्हा झाडाचं सांगायला लागलो. ओदील म्हणाली, "बाबा, हे आत्ताच सांगितलंत."

सांगितलं असेल. कळकळीची गोष्ट माणूस दोनदा सांगतो.

२ ऑक्टोबर, मंगळवार

आज गंमत झाली. दुर्मिळ कुत्र्यांच्या मंडळाचे एक गृहस्थ आले. गळ्यात टाय, खिशात टेप. म्हणे आपल्या पिकार्डीच्या या मेंढपाळ कुत्र्यांना दोन युद्धांनी खाल्लं, उरलीत ती नोंदवायची आहेत. फिनेतची उंची मोजली, कान मोजले, दात पाहिले. ती माझ्याकडे बघून सुस्कारे टाकत होती.

"अंघोळ घालता?"

"देव घालतो, पावसाची."

"विंचरता?"

"कुसळं काढतो. केस राठच हवेत, नाही तर पाणी आत जातं."

"एखादा चांगला नर पाहिला तर पिल्लं..."

"साहेब, तिचं वय बघा! तुम्ही लग्नाच्या गोष्टी कुठे काढता?"

ते हसले. मग विचारलं, "मेंढ्या तर दिसत नाहीत. राखते काय आता?"

खिडकीतून पाल्मीर म्हणाली, "मला!"

अगदी लख्ख आवाज. जुना. गृहस्थ हसले. मी चूल बघायच्या निमित्तानं आत गेलो.

९ ऑक्टोबर, मंगळवार

पाल्मीर झोपली होती म्हणून फिनेतला घेऊन पाव आणायला गेलो. बेकरीतून निघून कालव्याच्या वाटेनं वळलो, तर ही माझ्यापुढे आडवी! खांदा लावून मला ढकलतेय! बेकरीवाली दारातून ओरडली, "काय ओनेझीमकाका, बायको सोडून आता तुम्हाला राखायला लागली का?"

हसलो आम्ही दोघंही. फिनेतचंही वय झालंच की. कोणाला वळवायचं, कोणाला नाही, गोंधळ होतो बिचारीचा.

१२ ऑक्टोबर

सूप करपलं. भांडं काळं ठिक्कर. पाल्मीरचं काम असणार. ती म्हणते, "मी चुलीकडे फिरकलेसुद्धा नाही हो." भांडलो नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

फिनेत सकाळी उठेचना. मागचा डावा पाय जमिनीला टेकवत नव्हती. कोंडा गरम करून फडक्यात बांधला, शेकलं. पोटाखालून टॉवेल घालून उभी केली, तशी माझा हात चाटला आणि लंगडत सरळ रेघेवर गेली!

जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. खुबा झिजलाय म्हणे. गोळ्या दिल्या. "धावणं बंद. विश्रांती."

विश्रांती! कुत्रीला विश्रांती दिली तर पाल्मीर जाणार. पाल्मीरला राखायचं तर कुत्रीचा जीव घ्यायचा. आणि दोघींच्या मध्ये मी, हातात काठी घेऊन, चौकातल्या पुतळ्यासारखा. माझ्या गुडघ्यांना ना हिच्यामागे पळता येतं ना तिच्या जागी उभं राहता येतं.

फाटकाला कुलूप लावून पाहिलं. पाल्मीरनं गज धरून इतका आकांत केला, की मीच उघडलं. आणि फिनेत लंगडत आली.

१८ ऑक्टोबर

दोघींना आज मीच भरवलं. आधी हिला, मग तिला. तिनं गोळी थुंकली. हिनंही.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

मार्सोचं बीट निघालं. रस्त्याच्या कडेला घराएवढा ढीग लागलाय. दिवसभर ट्रक, चिखल, धूर. पाल्मीर खिडकीत बसून ट्रक मोजते, दोनाच्या पुढे पुन्हा एक. फिनेतसाठी रेघ आत घेतली, घराला अगदी चिकटून — फेऱ्या कमी पडाव्यात. पण ती जुन्याच रेघेवरून जाते. पुसली तरी तिला दिसते म्हणा, की वास येतो.

२७ ऑक्टोबर, शनिवार

आजचं लिहूनच ठेवतो.

काल संध्याकाळी मार्सोनं शेत नांगरलं. थेट माझ्या वाफ्यापर्यंत, भिंतीपर्यंत. माझी जुनी रेघ नांगराखाली गेली. त्याची चूक नाही. मागे त्यानं विचारलं होतं, "काका, कडेपर्यंत घेऊ का? माती वाया जाते," आणि मी म्हटलं होतं, घे की!

आज सकाळी रोजच्यासारखी "रेघ धर!" म्हटलं आणि आत वळलो. ध्यानातच आलं नाही, नांगरलेल्या शेतात क्षितिजापर्यंत सगळ्या रेघाच असतात! फिनेत पहिलीवर धावली, मग दुसरीवर, मग तिसरीवर. जिथे बघेल तिथे राखायचं. रेघेवर जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळू नये!

बाहेर आलो तेव्हा पाल्मीर नव्हती. फिनेत दूर, मधोमध, तीन पायांवर गरगर फिरत होती. मी हाका मारल्या. कुणाकुणाला मारल्या, देव जाणे.

ट्रकवाल्यानं आणलं पाल्मीरला. बीटाच्या ढिगावर बसली होती, वर, अगदी टोकावर. पाय सोलपटलेले, ओठ निळे. मला बघून म्हणाली, "अहो, इतका वेळ कुठे होतात? मी केव्हाची वाट बघतेय."

फिनेतला मार्सोनं उचलून आणलं. चुलीपुढे दोघींना गोधडीत गुंडाळून ठेवलं. मार्सो टोपी हातात चुरगाळत उभा होता. "काका, ओदीलताईला कळवू?"

नको म्हणायला तोंड उघडलं. मग चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

ओदील शेवंतीच्या कुंड्या घेऊन आली, पितरांच्या थडग्यांवर ठेवायला. एक कुंडी स्वयंपाकघरात राहिली.

सिस्टरांकडे खोली रिकामी झाली आहे. कशी झाली ते विचारलं नाही.

म्हटलं, "फिनेत बरी होऊ दे. मग बघू."

ओदील माझ्याशेजारी बसली. "बाबा, ती बरी होणार नाही. आईही नाही." मग माझा हात हातात घेतला, लहान असताना रस्ता ओलांडायला घ्यायची तसा. "आणि तुम्हीही थकलात हो."

मी मान हलवली. होकार होता की नकार, मलाही ठाऊक नाही. तिनं होकार धरला.

११ नोव्हेंबर, रविवार

गेली.

मी तिला चर्चला जायचा कोट घातला. गुंडी लागत नव्हती, तर हसली. "जाड झाले का हो मी?" कसली जाड, चिमणीएवढी झाली आहे.

गाडीत बसवलं. ओदीलनं गाडी सुरू केली, आणि फाटकात फिनेत आडवी. तीन पायांवर. चिखलात. सकाळी सवयीनं मी रेघ ओढली होती ना! ओदीलनं हॉर्न दिला. गाडी हातभर पुढे घेतली. फिनेत हलेना. बंपर तिच्या फासळ्यांना लागला, तरी हलेना.

"बाबा, बोलवा ना तिला! प्लीज!"

"पुरे!" एवढा एकच शब्द. सगळी हयात रोज संध्याकाळी कुत्र्याला रेघेवरून सोडायला म्हटला. आज ओठांवर येईना. शेवटी गेलो आणि बुटानं रेघ पुसली. फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. फिनेतनं पुसलेल्या मातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बाजूला झाली.

पाल्मीरनं काच खाली केली. "अहो, फाटक लावून घ्या. मेंढरं बाहेर पडतील."

लावून घेतलं.

१३ नोव्हेंबर

फिनेत पाल्मीरच्या खुर्चीपाशी पडून असते. फाटकाकडे बघत नाही. काठी माळ्यावर टाकली. राखायला आता काय आहे?

१५ नोव्हेंबर, गुरुवार

सूप पुन्हा करपलं. घरात मी एकटाच.

१९ नोव्हेंबर, सोमवार

पाव आणायला निघालो. रेघ नाही, हुकूम नाही, तरी फाटकात फिनेत आडवी! मी डावीकडे, ती डावीकडे. मी उजवीकडे, ती लंगडत उजवीकडे. "अगं, मी आहे!" म्हणून ओरडलो. तिनं पाल्मीरकडे बघायची तसंच बघितलं माझ्याकडे. मग खाली पाहिलं. पायात पाल्मीरच्या सपाता. हातात दुधाची रिकामी किटली. आणि सोमवारी बेकरी बंद असते, जन्मापासून.

ओदीलला सांगावं लागेल. पण सिस्टरांकडे कुत्रा चालत नाही.

वळलो. ती टाचेमागून आली.