फळीवरचा लाल सोडा

२० सप्टेंबर १९८७, रविवार. डेटन

अखेर या गावात चांगलं थाय रेस्टॉरंट सापडलं! आधीची तिन्ही म्हणजे केचपमधल्या शेवया. हे चौथं, टायरच्या दुकानामागे. आणि नेमका तिथेच ह्यांनी घोळ घातला.

दाराशी फळीवर छोटंसं लाकडी घर. पुढे भाताची ताटली, संत्र्याच्या फोडी आणि लाल सोड्याचा ग्लास, त्यात स्ट्रॉ. मलाही देव्हाराच वाटला. ह्यांनी हात जोडले आणि प्रसाद म्हणून एक फोड तोंडात टाकली. मालकीणबाई धावतच आल्या. "नो, नो! हे देवाचं नाही. आमच्याआधी या जागेत जे राहायचे, त्यांचं आहे."

म्हणजे पितरांचं पान! तेही पितृपंधरवड्यात. मला घास जाईना. हे मात्र मिटक्या मारत जेवले.

हे गाडी आणायला गेले तेव्हा बाईंनी लाल सोड्याचा कॅन आणि एक स्ट्रॉ माझ्या पर्समध्ये सरकवली. "घराबाहेर ठेव, म्हणजे ते मागे आले तरी आत येणार नाहीत. नवऱ्याला सांगू नकोस."

नाही सांगितलं. हसले असते. घरी येताच हे वर जाऊन झोपले, तेव्हा मागच्या पायरीवर गुपचूप ग्लास भरून ठेवला. मूर्खपणाच ना हा?

आत्ता पाहिलं. सोडा काठोकाठ तसाच. गोड असून एक मुंगी नाही. का नाही?

हे उठले वाटतं. सोड्याला कधी शिवत नाहीत हे. आणि आत्ता वरून हाक मारतायत,

"अगं, माझा सोडा बाहेर का ठेवलास?"