पंजाखाली कोणी उभे राहायचे

मी, खाली सही करणारी, या लोखंडकामाच्या शेडची मालकीण, कै. यजमानांची पत्नी आणि एका मुलाची आई, हा कागद स्वतःच्या हाताने, शेडमधल्या टेबलावरचे नटबोल्ट बाजूला सारून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मी रागात आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी नाडी पाहिली आणि असू शकतात असे लिहून दिले. तो दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. कोणी धाक दाखवलेला नाही. ज्याला दाखवायचा असेल त्याने येऊन दाखवावा.

याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण मला मरायची घाई नव्हती. आजही नाही. पण आज दुपारी नव्या पंजाची चाचणी आहे आणि त्याखाली मी उभी राहणार आहे. तेव्हा आवराआवर करून ठेवलेली बरी.

पंजा म्हणजे काय ते वकिलांना माहीत नसणार, म्हणून सांगते. ट्रॅक्टरच्या पुढे लोडर असतो आणि लोडरला बकेट. बकेटमध्ये माती राहते, पण झाडाचा ओंडका राहत नाही, घरंगळतो. म्हणून बकेटच्या वरच्या कडेला आम्ही वाकडी लोखंडी नखे बसवतो. तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर ती नखे मिटतो आणि ओंडका बकेटमध्ये आवळून धरतो. असा पंजा तयार मिळतो. आम्ही तो घरी करतो. सिलिंडर मोडक्या कापणी यंत्राचा, नखे जुन्या ट्रकच्या चेसिसमधून कापलेली, पिना शेजारच्या लेथवाल्याकडून. जोडकाम, म्हणजे वेल्डिंग, माझे.

कलम पहिले. घर. राहते घर मुलाला आणि सुनेला मिळून द्यावे. कागदावर सुनेचे नाव आधी लिहावे. छप्पर गळते तेव्हा शिडीवर ती चढते. मुलगा खाली उभा राहून कुठे गळते ते सांगतो. बँकेत जे काही आहे ते सुनेचे. किती आहे ते बँकेला विचारावे, मला विचारायला तोवर उशीर झालेला असेल.

माझ्या लुगड्यांचे काय करायचे ते सुनेने ठरवावे. बहुतेकांना ठिणग्यांनी भोके पडलेली आहेत. पुसायला चांगली आहेत.

कलम दुसरे. नणंद. नणंदेला माझी जुनी वेल्डिंगची काच द्यावी. यजमान गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात ती म्हणाली होती, "बाईच्या हातचा जोड, तो किती टिकणार?" मी आत चहा गाळत होते, मला ऐकू आले. त्या काचेतून पाहिले तर ठिणगीशिवाय काही दिसत नाही. तिला तेवढेच पाहायची सवय आहे.

कलम तिसरे. हत्यारे. ग्राइंडर, ड्रिल, दोन्ही वेल्डिंग मशीन, वाईस आणि कटर मुलाला. मोठा पाना लेथवाल्याकडे आहे. तो माझा आहे हे त्याला आठवत नाही, म्हणून तो त्याने ठेवून घ्यावा. मात्र आठवून ठेवून घ्यावा. यजमानांचे तीन पायांचे स्टूल कोणालाही देऊ नये. त्याचा एक पाय मी दोनदा जोडला आहे आणि दोन्ही वेळा त्यांनी सांगितले की तो आपोआप बरा झाला.

कलम चौथे. रीत. हे कलम लांब आहे. कंटाळा आला तरी पूर्ण वाचावे, कारण मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे.

सासऱ्यांनी ही शेड उभी केली तेव्हा एक रीत घालून दिली. भार उचलणारी कोणतीही वस्तू असो, ज्याने ती जोडली त्याने पहिल्या भाराखाली उभे राहायचे. गिऱ्हाइकांसमोर, हात मागे बांधून. सासरे स्वतः उभे राहत. त्यांना याचा फार अभिमान होता. मला विचाराल तर ही रीत नव्हे, खुळेपणा आहे. लोखंड चांगले की वाईट हे लोखंडाला विचारावे, डोके त्याच्याखाली धरून विचारू नये. पण नव्या सुनेला त्या घरात कोण विचारतो?

आमचा पहिला पंजा तयार झाला तेव्हा सासरे नव्हते, रीत होती. पंजा मी जोडला होता. यजमानांनी नखे कापली, मी जोडली. त्यांचा हात कापायला चांगला, जोडायला थरथरायचा. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होते. तिसरा म्हणजे माझा धाकटा दीर. तेलाची बाजू त्याची: पंप, होस पाइप, व्हॉल्व्ह, लिव्हर. त्याला मी आजवर अहो-जाहो करत आले. या कागदात करणार नाही.

चाचणीला लाकडाच्या वखारीतली माणसे आली होती. मी पदर खोचून पुढे निघाले. रीत होती ना, जोड माझा होता. यजमानांनी मला दंडाला धरून मागे ओढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "तू बाजूला हो. हा जोड माझा आहे."

सगळ्यांसमोर खोटे बोलले. माझा जोडही चोरला आणि माझी जागाही. लोकांना कळले असते की बायकोने जोडले आणि नवरा लांबून पाहत राहिला, तर त्यांची मान खाली गेली असती, म्हणून. की मला काही होऊ नये म्हणून? इतकी वर्षे मी हा प्रश्न त्यांच्या स्टुलाला विचारते आहे. मला त्यांची फार आठवण येते आणि मला त्यांचा फार राग येतो.

दिराने लिव्हर ओढला. ओंडका वर गेला. मग होस फुटला, तेल उडाले, नखे सैल पडली आणि ओंडका बकेटच्या कडेवरून घरंगळला. यजमान जागीच गेले.

त्या क्षणी कोणी वर पाहिले नाही. सगळे खाली पाहत होते, मीसुद्धा. वर पाहिले असते तर दिसले असते की पंजा बकेटला होता तसाच आहे आणि एकही जोड हललेला नाही. संध्याकाळपर्यंत दिराने पंजा उतरवून शेडमागे ताडपत्रीखाली टाकला होता. आणि लोकांना सांगत सुटला होता की जोड तुटला. कोणाचा जोड, तेही हळूच सांगत होता.

कलम पाचवे. वायसर. लोक भेटायला यायचे थांबल्यावर मी ताडपत्री काढली. जोड पाहिले. मग तेलाची बाजू उघडली. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह नावाची पितळी वस्तू असते. आत स्प्रिंग असते. दाब फार वाढला की स्प्रिंग दबते, जास्तीचे तेल टाकीत परत जाते आणि होस वाचतो. त्या स्प्रिंगच्या मागे एक लोखंडी वायसर, म्हणजे भोकाची चकती, सरकवलेला होता. असा वायसर घातला की स्प्रिंग ताठ होते, पंजाची पकड वाढते, मोठा ओंडका निसटत नाही, आणि होसचे काय व्हायचे ते होसने बघायचे. चाचणीच्या आदल्या दिवशी जमिनीवरच आवळून पाहताना जाड ओंडका निसटला होता. यजमान म्हणाले होते, लहान घेऊ. दिराला वखारवाल्यांसमोर मोठाच उचलून दाखवायचा होता.

मी वायसर तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरला.

"भाऊजी, हे काय?"

त्याने बोटाने वायसर उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "वहिनी, सगळेच घालतात. आता हे उकरून दादा परत येणार आहे का?"

"नाही. पण जोड तुटला असं तुम्ही का सांगताय?"

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं."

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहीत आहे. लोकांना काहीतरी सांगावे लागते, म्हणून त्याने खापर माझ्या हातांवर फोडले. त्या वेळी मूल लहान होते, ट्रॅक्टर दिराच्या नावावर होता, आणि मी तोंड उघडले असते तर शेडला कुलूप लागले असते. म्हणून तोंडात गुळणी धरली. यात माझी चूक होती असे मी मानत नाही. चूक वायसर घालणाऱ्याची. वायसर तेव्हापासून माझ्या कामाच्या एप्रनच्या खिशात आहे. एप्रन बदलले, वायसर नाही.

कलम सहावे. जुना पंजा. शेडमागचा जुना पंजा भंगारात घालू नये. घासूनपुसून शेडच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीवर टांगावा. रंग देऊ नये. रंगाखाली जोड दिसत नाहीत. ज्याला ज्याला वाटते की माझा जोड तुटला होता, त्याने येऊन बोट फिरवून पाहावे. नणंदेने काच घेऊन यावे.

कलम सातवे. मुलगा. शेड, जागा, नाव आणि गिऱ्हाइके मुलाला द्यावीत, एका अटीवर. ती अट सांगण्याआधी गेल्या आठवड्यातले बोलणे लिहिते.

नवा पंजा झाला. पट्ट्या मुलाने कापल्या, भाराचे जोड मी केले. या खेपेला सिलिंडरवरच लॉक व्हॉल्व्ह बसवून घेतला आहे. होस फुटला तरी नखे सुटायची नाहीत. जेवताना मुलगा म्हणाला, "आई, चाचणीला मी खाली उभा राहणार आहे."

"कशाला?"

"रीत आहे आपली."

"रीत जोडणाऱ्याची आहे. जोड कोणी केला?"

त्याने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "लोक अजून म्हणतात, बाबा तुझ्या जोडामुळे गेले. मी तुझ्या जोडाखाली उभा राहिलो की त्यांची तोंडं बंद होतील."

माझे पोर लहानपणापासून हे ऐकत मोठे झाले. मला एका शब्दाने विचारले नाही. मनातल्या मनात मला माफ करून टाकले आणि आता माझी अब्रू वाचवायला ओंडक्याखाली जायला निघाले. मला त्याच्या माफीची गरज नाही. मी काही केलेले नाही. हे ऐकून मला जो संताप आला तो या कागदावर मावणार नाही. दिराच्या एका वाक्याने आधी माझे नाव नासवले, आणि आता ते माझा मुलगा मागते आहे.

मी त्याला सांगितले, "तू उभा राहणार असशील तर मी उभी राहणार. जोड माझा, जागा माझी. एकदा चोरीला गेली, पुन्हा जाऊ द्यायची नाही."

"तू काय वेडी झालीस का?"

"डॉक्टरांना विचारते," मी म्हणाले. आणि विचारले. दाखला सोबत आहे.

माझा माझ्या लोखंडावर पूर्ण विश्वास आहे. लिव्हरवरच्या हातावर नाही, कारण ट्रॅक्टर अजून दिराचा आहे आणि आज लिव्हर पुन्हा तोच धरणार आहे.

अट अशी: आज मी सोडून, या शेडमध्ये यापुढे कोणीही, जोडणारा असो वा मालक, भाराखाली उभा राहणार नाही. मुलगा उभा राहिला तर शेड सुनेची. सून उभी राहणार नाही, तिला अक्कल आहे. मुलाने हा कागद चाचणीच्या आधी वाचावा. मृत्युपत्र मागाहून वाचायचे असते हे मला माहीत आहे. मागाहून वाचून काय उपयोग?

कलम आठवे आणि शेवटचे. दीर. धाकट्या दिराला काही देत नाही. त्याला साक्षीदार केले आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न दिलेले बरे; लेथवाल्याचे वेगळे, पाना आधीच त्याच्याकडे आहे. आणि साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नसते. याच्याबाबतीत आहे. त्याने पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचावे. वायसर मृत्युपत्रातून नव्हे, हातोहात देणार आहे. सहीला पेन उचलण्याआधी त्याच्या तळहातावर ठेवीन. मग त्याने सही करावी, किंवा सगळ्यांसमोर सांगावे की यात खोटे काय आहे.

येथपर्यंत लिहिलेले सर्व मी शुद्धीत, खरे आणि चिडून लिहिले आहे. माझ्या माघारी कोणी यातला शब्द सौम्य करू नये.

ठिकाण: आमची शेड, दाराजवळचे टेबल.
दिनांक: चाचणीचा दिवस, दुपारच्या आधी.

लिहून देणार: शेडची मालकीण (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा लेथवाला. समक्ष सही केली. पाना वहिनींचाच आहे, आठवले. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा दीर. सगळे वाचले. वायसर मिळाला. तो मीच घातला होता. जोड तुटला नव्हता. वहिनी, खाली उभ्या राहू नका, मी लिव्हर धरणार नाही. (सही)

ही भर सह्यांनंतरची आहे. वकिलांना चालत नसेल तर त्यांनी वाचू नये. दिराकडून सही मागितली होती, निबंध नव्हे. तरी त्याचे लिहिलेले कोणी खोडू नये. मुलाने ते दोनदा वाचले. माझ्याकडे न पाहता बाहेर गेला आणि पंजाखाली तेलाचे रिकामे पिंप ठेवून आला. लिव्हर सून धरणार आहे. मी दारात उभी राहून वर पाहणार आहे.