ओळख पटवून घेऊन जाणे

दि. ३ मार्च

ती. ताईस,
बाळचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गल्लीतल्या दंतवैद्यांची सायकल भरदिवसा गेली, हे तू काल फोनवर अशा सुरात सांगितलंस की जणू साबण संपला आहे. पुढे आपण दोघं एकदम बोलायला लागलो आणि नेहमीप्रमाणे कोणाचं कोणालाच कळलं नाही, म्हणून हे पत्र. आज सायकल गेली, उद्या घरात शिरतील. तू एकटी. त्यात कडी लावायची तुला लहानपणापासून आठवण राहत नाही. आई सांगून सांगून थकली.

तेव्हा हट्ट पुरे. माझ्याकडे कायमची राहायला ये. मागच्या खोलीला रंग देऊन घेतला आहे, तुझा आवडता फिकट पिवळा. इथे अगदी शांत आहे. ही माहेरून घेऊन आली होती ते भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, तेवढाच काय तो आवाज. मला स्वतःला इथे कशाची कमी नाही. प्रश्न फक्त तुझ्या सुरक्षिततेचा आहे.

लोभ आहेच, तो असताना थोडं ऐकावंही, ही विनंती.

तुझा
बाळ


दि. ९ मार्च

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. पिवळ्या रंगाचं वाचून बरं वाटलं, पण मी येणार नाही. नोकरीची सगळी वर्षं मी याच घरातून प्रसूतिगृहात गेले-आले. गल्लीतली निम्मी पोरं जन्मल्या जन्मल्या माझ्या हातात रडली आहेत आणि आता मला रस्त्यात मावशी म्हणून थांबवतात. मला इथून हलायचं नाही, आणि हे मी थट्टेत लिहीत नाही.

आता आमचे उद्योग ऐक. आम्ही रहिवाशांनी मिळून सुरक्षा पथक काढलं आहे. प्रमुख आहेत समोरचे निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांना सगळे टीसीच म्हणतात. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्याला कुठून आलात, कुठे जाणार असं विचारतात आणि मग सवयीने हात पुढे करतात. लोक गोंधळून हातात काहीतरी ठेवतात. काल एकाने पेरू ठेवला. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी उरलेल्या पडद्याच्या कापडातून सगळ्यांना दंडावर बांधायला पट्ट्या शिवल्या आहेत. रांगेत उभे राहिलो की आम्ही कोणाच्या तरी खिडक्या वाटतो.

सकाळची फेरी माझी आणि शिंपीणबाईंची, दुपारची टीसींची आणि दंतवैद्यांची. फेरीत प्रत्येक दार ढकलून पाहायचं. उघडं सापडलं तर आतली एखादी वस्तू उचलून आणायची. मालकाने संध्याकाळी दंतवैद्यांच्या दवाखान्यातल्या बैठकीला यायचं, आपली वस्तू ओळखायची, चारचौघांत बोलणी खायची आणि ती घेऊन जायचं. याला आम्ही धडा म्हणतो. टीसींनी दवाखान्यात पाटीही लावली आहे: 'ओळख पटवून घेऊन जाणे'.

एवढा विश्वास मला पथकावर आहे, म्हणून शब्द देते. उन्हाळा संपेपर्यंत गल्लीत एक जरी चोरी झाली, तरी मी निमूट सामान बांधून तुझ्याकडे येईन. नाही झाली, तर हा विषय तू जन्मात काढायचा नाहीस.

तब्येत सांभाळ. माया कमी झालेली नाही, फक्त आता ती दंडाला पट्टी बांधून फिरते.

तुझी
ताई


दि. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कबूल. पाल दिसली म्हणून सबंध दुपार स्टुलावर उभी राहणारी आमची ताई आता चोर पकडणार, हे वाचून फार धीर आला. सापडलाच चोर, तर त्याला आधी जेवायला वाढू नकोस, एवढं पाळ.

मी मजेत आहे. काल चहा केला तो चुकून दोन कप झाला. टाकवेना, म्हणून दोन्ही मीच प्यायलो. एरवी सांगण्यासारखं काही नाही.

चोरी झाली तर शब्द फिरवायचा नाही. लोभाची वाढ व्हावी, पथकाची होऊ नये, ही विनंती.

तुझा
बाळ


दि. २९ मार्च

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

घात झाला रे. एक नाही, ओळीने चोऱ्या झाल्या. आधी शिंपीणबाईंची मोठी कात्री गेली. मग दंतवैद्यांच्या टेबलावरची दाखवायची कवळी गेली. ती चोराला काय कामाची, हे कोणालाच सांगता येईना. टीसींची घडीची खुर्ची गेली, आणि मंगळवारी खुद्द माझी इस्त्री.

दार उघडं होतं का, असं टीसींनी विचारलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं की कडी घातलेली होती. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. पथकातल्या माणसाचं दार उघडं राहीलच कसं? म्हणजे चोर कड्या काढणारा, सराईत आहे. हल्ली बैठकीला बोलणी खायला कोणी फिरकत नाही, म्हणून धड्याच्या वस्तू आम्ही शिंपीणबाईंच्या पेटीत ठेवतो. तिथेही मी हळूच पाहिलं, कोणाला न सांगता. इस्त्री तिथे नव्हती.

शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. काल सबंध संध्याकाळ खिडकीत बसून होते. शिंपीणबाईंचं मशीन चालू होतं, टीसी कोणाला तरी अडवत होते, आणि मला रडू आलं. मला जायचं नाही रे बाळ. पण तू सांगशील त्या दिवशी येईन.

राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी
ताई


दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाचून वाईट वाटलं. शुक्रवारी मी स्वतः तुला न्यायला येतो. सामान बांधायची घाई करू नकोस. नीट, सावकाश बांधू. हवे तेवढे दिवस लागू देत, मला काही अडचण नाही.

बाकी भेटीत. लोभ सामानात वर ठेवणे.

तुझा
बाळ


दि. ११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

शुक्रवारी जे झालं त्याबद्दल मला एकदाच लिहायचं आहे. मी आलो तेव्हा तुझं दार सताड उघडं होतं आणि तुझा पत्ता नव्हता. प्रवासाने अंग चिकट झालं होतं, म्हणून बॅग पुढच्या खोलीत ठेवून मी आंघोळीला गेलो. बाहेर येतो तो बॅग गायब आणि दाराला बाहेरून कडी. कपडे बॅगेत. मी तुझा फुलाफुलांचा टॉवेल गुंडाळून खिडकीतून चोर चोर म्हणून ओरडलो. तुझं पथक शिट्ट्या फुंकत आलं आणि त्यांनी मलाच धरलं.

तुझ्या त्या टीसींनी मला, कुठून आलात, कुठे जाणार, असं विचारलं आणि हात पुढे केला. टॉवेलला खिसा नसतो, हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत पटलं नाही. तशा अवस्थेत मला गल्लीतून दवाखान्यापर्यंत नेलं. तू आलीस, पण हा माझा भाऊ आहे, एवढं सांगायलाही हसू आवरेपर्यंत तुला वेळ लागला.

पुढे बॅगेचं जे झालं, ते मी लिहिणार नाही. संध्याकाळच्या गाडीने निघून आलो, ते बरंच केलं. मी बरा आहे. घड्याळ गडबडीत तिथेच राहिलं. ते पार्सलने पाठवावं.

कळावे.

बाळ


दि. १६ एप्रिल

चि. बाळ यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पथकाला आता टोप्याही हव्यात, त्यांची मापं द्यायला मी शिंपीणबाईंकडे गेले होते. कडी लावायची राहिली, हे आता कबूल करते. टीसी आणि दंतवैद्यांनी दार उघडं पाहिलं आणि नियमाप्रमाणे धडा म्हणून तुझी बॅग उचलून बाहेरून कडी घातली.

बॅगेचं तू लिहिणार नाहीस, म्हणून मी लिहिते. आत काय आहे ते मालकाने आधी सांगायचं, असा नियम. तू म्हणालास, दोन कपडे. टीसींनी कान लावला, तर आत टिकटिक. त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं आणि आधी स्वतः झाले. दंतवैद्य औषधांच्या कपाटामागे शिरायला गेले, कपाट हललं, दार उघडलं आणि माझी इस्त्री त्यांच्या पायावर पडली. मागोमाग शिंपीणबाईंची कात्री. दुपारच्या फेरीचे धडे ते दोघे तिथे ठेवत होते. टीसींची खुर्ची आणि ती कवळी आमच्याच पेटीच्या तळाशी, चिंध्यांखाली निघाली. दोन्ही धडे मी समोरची दारं पाहत असताना आमच्या शिंपीणबाईंनी घेतलेले. जो तो दुसऱ्याच्याच दाराकडे बोट दाखवत होता. आपलं दार उघडं होतं असं म्हणायची प्रत्येकाला लाज, आणि मालक कबूल होईपर्यंत वस्तू दाखवायची नाही हा उचलणाऱ्याचा हट्ट; आपण उचललं तो धडा, आपलं गेलं ती चोरी, असा चोर जन्माला आला. सायकलही सापडली. दंतवैद्य न्हाव्याकडे सायकलवर गेले होते आणि चालत परत आले होते.

म्हणजे चोरी झालीच नाही. पैज मी जिंकले.

पण बॅग मी उघडली, बाळ. उशी निघाली. गरम पाण्याची पिशवी, थंडीचे स्वेटर, शालीत गुंडाळलेला तुझ्या बायकोचा फोटो, आणि घोंगडीत ते घड्याळ. बहिणीला न्यायला आलेला माणूस स्वतःची उशी घेऊन येत नाही. टीसींनीसुद्धा कुठे जाणार असं विचारलं नाही.

तुला एकट्याला करमत नाही, एवढं म्हणायचं होतं. त्यासाठी माझं घर धोक्याचं ठरवलंस, मागच्या खोलीला पिवळा रंग दिलास. वेड्या, नुसतं सांगायचंस. हसले त्याचं मला वाईट वाटतं. अर्थात टॉवेलचं अजून हसू येतं.

घड्याळ पार्सलने मिळणार नाही. पाटी वाच. ते माझ्या पुढच्या खोलीत टांगलं आहे आणि त्याच्या आवाजाने मला चांगली झोप लागते. मधली खोली रिकामी केली आहे. शिंपीणबाई तुझ्या दंडाचं माप मागताहेत. टॉवेलमध्ये पाहिलं, त्यावरून अंदाज येतो, असंही म्हणाल्या.

लोभ इथे सांभाळून ठेवला आहे.

तुझी
ताई


दि. २० एप्रिल

ती. ताईस,
बाळचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. घर खायला उठतं गं ताई.

घड्याळाची ओळख पटवायला गुरुवारी येतो. घड्याळ जुनं, माझी नजर अधू, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागेल, असं टीसींना सांगून ठेव. उशी बरोबर आणतो आहे. त्या दिवशी तुझं दार उघडं राहिलं तरी मी काही बोलणार नाही.

लोभ होता तसाच राहू द्यावा. मीही राहतो.

तुझा
बाळ