लाइन गेली नव्हती

शहागड,
१२ मार्च २००५

प्रिय बेबी,

तुझं पत्र सिराजोद्दीनला वाचून दाखवलं. आपल्या गॅरेजशेजारी पंक्चर काढतो, तोच. विमानाची चाकं आणि पंखांच्या झडपा हलवणाऱ्या तेलाच्या नळ्या काढून तुम्ही जागोजागी विजेच्या मोटारी बसवताय, हे ऐकून तो हसतच सुटला. म्हणाला, कडूभाई, वर लाइन गेली तर मंग? बेबीला सांगा, आपल्याकडचा वायरमन बिलकुल ठिवू नको.

मी मात्र दोन दिवस तुझ्यावर रुसलो होतो. माझा सारा जन्म टिपरचे जॅक दुरुस्त करण्यात गेला. नुसत्या तेलाच्या जोरावर वाळूची गाडी कशी उचलली जाते, हे तूच तोंड उघडं टाकून बघायचीस. गळती कुठून आहे ते कळावं म्हणून जॅकखाली पेपर अंथरायचीस, आणि तेलाचे हात फ्रॉकला पुसून आईची बोलणी खायचीस. आता त्याच तेलाला विमानातून हाकलून द्यायला निघालीस! मग तू लिहिलेलं पुन्हा वाचलं. नळी गळायची भीती नाही, वजन कमी, एक तार तुटली तर दुसरी भार उचलते. पटलं. अभिमानही वाटला, सांगून टाकतो.

इथं भारनियमन चालूच आहे. तुझी आई गेल्यापासून मला एक खोड लागली आहे. घरातली सगळी बटणं चालू ठेवतो, तुझ्या खोलीतलंसुद्धा. लाइन आली की रेडिओ बोलायला लागतो, पंखा फिरतो, तुझ्या खोलीत उजेड पडतो. घरात माणसं आल्यासारखं वाटतं. एरवी फार एकटं वाटतं गं.

रविवारी फोनवर तू विचारलंस, पुढच्या चाचण्यांसाठी तीन वर्षं फ्रान्सला जाऊ का, अण्णा? तुम्ही नको म्हणालात तर जात नाही. मी म्हणालो, लाइन गेली, ठेवतो. इंजिनिअर पोरीला कुणी असं फसवतं का! लाइट नसली तरी फोन चालतो, हे तुला काय मी सांगायचं? आणि लाइट होती. डोक्यावर दिवा जळत होता. तोंडातून हो निघेना, आणि नाही मला म्हणायचं नव्हतं. आता लिहूनच देतो, म्हणजे मागे घेता येणार नाही. जा, बेबी. माझ्यासाठी थांबू नकोस. तुझ्या खोलीतलं बटण मात्र मी बंद करणार नाही.

तुझाच,
अण्णा