दोघांनी पाहिलेला पक्षी

रत्नागिरी,
१९ मे २००३

प्रिय झरीनला सलाम,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी. आंबा संपत आलाय आणि उकाड्याने जीव नकोसा केलाय.

काल आमच्या पक्षीमंडळाबरोबर खाडीतल्या राखीव पाणथळीवर गेले होते. मंडळ कसलं, सहलच ती. आमचा म्होरक्या आत्माराम भडक केशरी टोपी घालून आला. मागे कोणीतरी चिवड्याची पिशवी चुरचुरवत होतं. आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी एकेकाला उन्हात उभं केलं असतं.

पण होडी तिवरांच्या झाडीत शिरली आणि ही माणसंसुद्धा गप्प झाली. भरती पुरती चढून थांबली होती. पाणी हलत नव्हतं. आभाळ त्यात उतरलेलं, त्यामुळे आपण कशावर तरंगतोय तेच कळेना. वल्ह्यावरून थेंब पडायचा, तेवढाच आवाज. वाटलं, असंच जात राहावं, काठ येऊच नये.

तेवढ्यात दूर, उथळ पाण्यात मला रोहित पक्षी दिसला, फ्लेमिंगो. एकटाच, गुलाबी, एका पायावर. मे महिन्यात, आपल्या खाडीत.

मंडळाचा नियम तुला ठाऊक आहे, मीच घातलेला: दोघांनी पाहिल्याशिवाय पक्ष्याची वहीत नोंद नाही. मी बोट दाखवलं. सगळे दुर्बिणी लावून बघत राहिले. मग ज्ञानेश्वरी, माझी जुनी विद्यार्थिनी, हळूच म्हणाली, "मी पण बघितला, बाई." आत्मारामने लगेच लिहून टाकलं.

मी तिला विचारलं, कुठल्या बाजूला उडाला? डावीकडे, म्हणाली. मला तर तो अजून तिथेच उभा दिसत होता.

"खरं सांग."

"नाय दिसला, बाई. तिथे बगळा आहे. तुमच्या तोंडाकडे बघून बोलले."

मी वही ओढून घेतली आणि त्या ओळीवर काट मारली. काठाला लागेपर्यंत तिच्याशी शब्द बोलले नाही. रडणाऱ्या पोराला गोळी द्यावी तसा मला पक्षी देते.

दोन महिने झाले, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पांढऱ्याला गुलाबी कडा येते. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला चार जूनला ऑपरेशन. इथे कोणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं की सगळेच ज्ञानेश्वरी होतील.

अम्मी गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांना मी सांगत होते, शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. तू भरल्या घरात म्हणालीस, "आपा खाडीवर होती." त्या एका वाक्यासाठी मी तुझं नाव टाकलं. मी खाडीवरच होते, झरीन. त्या सकाळीही पाणी असंच थांबलं होतं, आणि मला घरी परतावंसं वाटत नव्हतं.

डोळ्यावरची पट्टी काढतील तेव्हा मला तू समोर हवीस. डॉक्टर जे म्हणतील ते गोड न करता सांगशील.

नाही आलीस तरी मी रागावणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल.

तुझी,
मासूमाआपा